गाडी साईडिंगला का लावतात?

लहान स्टेशनात मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची पॅसेंजर, वीस मिनिटं उभी राहिली की डब्यातलं निदान ठरलेलं असतं: "टाकली साईडिंगला." तेवढ्यात बाजूच्या रुळावरून कोळशाचा रेक, म्हणजे वॅगनांची अख्खी माळ, धडधडत जातो आणि निदानावर शिक्काच बसतो. माणसांपेक्षा कोळसा मोठा झाला म्हणत लोक पुन्हा शेंगा सोलायला लागतात. राग रास्त आहे. पण त्या वीस मिनिटांत स्टेशनात काय चाललेलं असतं हे माहीत असलं, तर तो राग कुठे काढायचा तेही कळतं.

आधी एक फरक लक्षात घेऊ. गोंदिया–वडसा–नागभीड–चांदा फोर्ट–बल्लारशाह हा मार्ग एकेरी म्हणून बांधलेला. तिथे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावं लागतं, ते खरं क्रॉसिंग. बडनेरा–धामणगाव–पुलगाव–वर्धा दुहेरी आहे. तिथे समोरची गाडी तिच्या रुळाने निघून जाते, आणि तुम्ही थांबता ते मागून येणाऱ्या वेगवान गाडीला पुढे काढण्यासाठी. डब्यात दोन्हीला क्रॉसिंगच म्हणतात. इलाज मात्र वेगळे आहेत.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात, म्हणजे ब्लॉक सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी सोडता येते. पट्टा दहा किलोमीटरचा आणि मालगाडी ताशी ५० च्या वेगाने, तर नुसत्या धावण्यात बारा मिनिटं गेली. पुढच्या स्टेशनाकडून लाईन क्लिअर (गाडी सोडायची परवानगी) घेणं, काटे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) लावणं, सिग्नल देणं आणि शेवटचा डबा लूपच्या, म्हणजे मेन लाईनला जोडलेल्या बाजूच्या रुळाच्या, आत आल्याची खात्री करणं धरलं की अठरा-वीस मिनिटं होतात. तुमची मेमू स्टेशनात शिरण्याच्या दोन मिनिटं आधी पलीकडून मालगाडी सुटलेली असेल, तर पुढची पंधरा मिनिटं स्टेशन मास्तरच्याही हातात नसतात आणि गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्या कंट्रोल ऑफिसच्याही.

लोक ज्याला आउटर म्हणतात त्या सिग्नलवर गाडी अडते त्याचंही कारण असंच आहे. दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी स्टेशनात घेता येत नाहीत, कारण एखादी स्टार्टर (स्टेशनातून निघण्याचा) सिग्नल ओलांडून पुढे घसरली तर दुसरीच्या वाटेत येईल. म्हणून स्टार्टरच्या पुढे १२० मीटर रूळ मोकळा असावा लागतो. लूपच्या टोकाला सँड हंप, म्हणजे घसरलेली गाडी रुतवणारा वाळूचा चढ असेल, तर काम सोपं होतं. तो नसेल तर एक गाडी आत येऊन पूर्ण थांबेपर्यंत दुसरीला बाहेर ताटकळावं लागतं. पाच-सात मिनिटं तिथे गेली. गाडी मेन लाईनला घेणार की लूपला, हे फलाटावरच्या माणसाला होम (स्टेशनात शिरण्याच्या) सिग्नलवरूनही ओळखता येतं. पिवळ्या दिव्यासोबत वर तिरप्या ओळीत पाच पांढरे दिवे लागले असतील, तर गाडी लूपला चालली.

आता मुख्य गोष्ट, लांबीची. कोळशाच्या बॉक्सएनएचएल वॅगनची लांबी साधारण १०.९६ मीटर. ५८ वॅगन म्हणजे ६३६ मीटर, त्यात ब्रेकव्हॅन आणि बारा हजार अश्वशक्तीचं दोन भागांचं डब्ल्यूएजी-१२ इंजिन धरलं की ६८५ मीटरच्या आसपास. हल्लीच्या लूपची प्रमाण लांबी ७१५ मीटर. म्हणजे पुढे-मागे मिळून तीस मीटर जागा उरते, आणि लोको पायलटला शेवटचे दोनशे मीटर सरपटतच जावं लागतं. लूपच्या काट्यावर वेगाची मर्यादा ताशी १५ असेल तर इतकी लांब गाडी काट्यावरून जायला पावणेतीन मिनिटं लागतात, ३० असेल तर त्याच्या निम्मी. काटा कोणता बसवलाय यावर रोजची किती मिनिटं जातात, याचा हिशेब प्रवासी संघटनांच्या निवेदनात क्वचितच दिसतो.

जुना, आखूड लूप असेल तर प्रश्नच मिटतो. पूर्ण रेक त्यात मावत नाही, आठ डब्यांची मेमू पावणेदोनशे मीटरची, ती आरामात मावते. जी मावते तीच बाजूला लागणार. त्यात वजनाचा हिशेब: भरलेली वॅगन ९१ टनांच्या पुढे, ५८ वॅगनांचा रेक सव्वापाच हजार टनांचा. इतकं ओझं एकदा थांबवलं की पुन्हा वेगात यायला कित्येक मिनिटं जातात आणि तेवढा वेळ मागच्या सगळ्या गाड्या त्याच्यामागे रखडतात. मेमू मिनिटाभरात वेग घेते. म्हणून कंट्रोलर भरलेल्या रेकला शक्यतो थांबवत नाही. वेळापत्रकात प्राधान्य मेमूला असलं तरी गणितात ते मालगाडीकडे झुकतं.

एका दमात अनेक रेक जोडून नेण्याचा प्रयोग आपल्याच पूर्वेकडच्या मार्गावर झाला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने 'सुपर वासुकी' चालवली: २९५ वॅगन, साडेतीन किलोमीटर लांबी, सहा इंजिनं, सुमारे २७ हजार टन कोळसा. कोरब्याहून राजनांदगावपर्यंतचे २६७ किलोमीटर जायला ११ तास २० मिनिटं लागली. असली गाडी कुठल्याच लूपमध्ये बसत नाही, त्यामुळे तिला सरळ रस्ता मोकळा द्यावा लागतो. विक्रम म्हणून ठीक आहे. रोजच्या कामाला हा तोडगा दोन रेक जोडण्यापर्यंतच परवडतो, असं आमचं मत.

इंजिन काढून नेलेली मालगाडी

लहान स्टेशनाचा खरा घोटाळा धावत्या मालगाडीने होत नाही, उभ्या मालगाडीने होतो. लूपवर मालगाडी उभी आहे, इंजिन नाही, माणूस नाही, रुळात गवत वाढतंय. याला रेल्वेत रेक स्टेबल केला म्हणतात. स्टेशनाला मेन लाईन आणि दोनच लूप असतील आणि त्यातला एक असा अडकला, तर क्रॉसिंगची क्षमता निम्मी झाली. मग मेमू आधीच्याच स्टेशनात धरून ठेवतात, आणि तिथल्या प्रवाशाला समोर काहीच दिसत नसल्यामुळे त्याचा संताप अजून वाढतो.

रेक स्टेबल होण्याची कारणं बहुतेक वेळा तीन. क्रूची वेळ संपली: मालगाडीच्या लोको पायलटची सलग ड्यूटी साधारण नऊ तासांची धरलेली आहे, गरजेला अकरा. माजरी किंवा ताडाळीच्या यार्डात निघायच्या आधीच चार तास गेले असतील तर वर्धा येईपर्यंत घड्याळ संपतं. दुसरं, इंजिन दुसऱ्या तातडीच्या गाडीला हवं असतं. तिसरं आणि सगळ्यात चिवट कारण: जिथे माल जायचा तिथेच जागा नाही.

हे तिसरं कारण पावसाळ्यात पाहण्यासारखं असतं. वणी, घुग्घुस, माजरीच्या खाणींचा कोळसा कोराडी, खापरखेडा, पारस अशा वीज केंद्रांकडे जातो. बॉक्सएन वॅगन तिथे टिपलरवर धरून पालथी करतात. बीओबीआरएन या हॉपर वॅगनला खाली दारं असतात, ती हवेच्या दाबाने उघडतात आणि कोळसा रुळाखालच्या हॉपरमध्ये पडतो. कोळसा ओला झाला की दोन्हीकडे बोंब. टिपलरमध्ये उलटी केली तरी ओला चुरा वॅगनच्या तळाला चिकटून राहतो, हॉपरच्या जाळीवर लगदा होतो, कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर तो पुढे जात नाही. तासाभराचं काम तीन तासांवर जातं. दोन रेक आत, दोन केंद्राच्या बाहेरच्या यार्डात, आणि पाचवा? तो तुमच्या गावच्या लूपवर.

रेक उभा करून ठेवणं म्हणजे इंजिन सोडवून जाणं नव्हे. दोन्ही टोकांच्या निदान सहा-सहा वॅगनांचे हँडब्रेक हाताने आवळायचे, चाकांखाली लाकडी गुटके ठोकायचे, साखळीने वॅगन रुळाला बांधून कुलूप घालायचं, आणि स्टेशन मास्तरने पॅनेलवर त्या लाईनच्या बटणावर अडवणीची टोपी चढवायची. यातलं काही राहिलं तर काय होतं ते २५ फेब्रुवारी २०२४ ला दिसलं. जम्मूतल्या कठुआ स्टेशनात उभी असलेली खडीची मालगाडी चालकाविना उतारावर निघाली आणि सत्तरएक किलोमीटर धावून पंजाबात थांबली. विदर्भातले उतार इतके तीव्र नाहीत, पण हजारो टनांना गडगडायला डोळ्यांना दिसेल इतका उतार लागतही नाही.

असा रेक परत हलवायचा तरी इंजिन लावलं आणि निघाली असं होत नाही. ब्रेक पाईपमध्ये ५ किलो आणि फीड पाईपमध्ये ६ किलो दाब, तोही शेवटच्या वॅगनपर्यंत यावा लागतो. मध्ये कुठे होजपाईप गळत असेल तर तो शोधून काढायचा. मग गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर) आणि सहायक लोको पायलट रेकच्या दोन्ही बाजूंनी चालत जाऊन लटकणारे भाग, उघडी दारं, आवळलेले राहिलेले हँडब्रेक पाहतात. एक हँडब्रेक सोडायचा राहिला तर चाक घासत जातं, तापतं, आणि तीस किलोमीटरवर कुठल्यातरी गेटमनला धूर दिसतो. मग गाडी पुन्हा मध्येच उभी.

मालधक्का

जून उजाडला की गावोगाव एकच प्रश्न: "युरियाचा रेक लागला का?" यवतमाळच्या बाजूचं बरंचसं खत धामणगावच्या मालधक्क्यावर उतरतं. हा रेक कसा रिकामा होतो ते पाहिलं की मालगाडी आणि मेमूचं नातं सगळ्यात चांगलं कळतं.

जुन्या बीसीएन या बंद वॅगनांचा रेक ४२ डब्यांचा, साधारण २६०० टनांचा. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं आहे. म्हणजे सुमारे ५७-५८ हजार पोती. खाली करायला मोफत वेळ नऊ तास. हमालांच्या दहा टोळ्या लावल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला चार वॅगन, म्हणजे एका वॅगनला दोन तासांच्या थोडं वर. एका वॅगनमध्ये पावणेचौदाशे पोती, म्हणजे दर टोळीने मिनिटाला दहा-अकरा पोती काढायला हवीत, नऊ तास न थांबता, पत्र्याच्या वॅगनमध्ये, विदर्भातल्या जूनमध्ये. ते शक्य नाही हे मुकादमाला माहीत असतं आणि खत कंपनीच्या माणसालाही. नऊ तास संपले की डेमरेज, म्हणजे वॅगन अडवल्याचा दंड, सुरू: दर वॅगनमागे तासाला दीडशे रुपये हा मूळ दर धरला तरी ४२ वॅगनांचे तासाला ६३०० रुपये. माल उतरला पण उचलला नाही तर व्हारफेज, म्हणजे धक्क्यावर माल पडून राहिल्याचा आकार, वेगळं. वीस टनांचे ट्रक धरले तरी १३० फेऱ्या लागतात, आणि पेरणीच्या तोंडावर ट्रक मिळत नाहीत.

मध्येच सर आली तर वॅगनची दारं बंद. युरिया हवेतला ओलावा ओढतो, भिजलं पोतं दोन दिवसांत दगड होतं. ज्या मालधक्क्याला छप्पर पूर्ण लांबीचं नाही तिथे पावसाचा प्रत्येक तास रेकच्या मुक्कामात जमा होतो.

मेमूशी याचा संबंध लांबीने येतो. मालधक्क्याची लाईन पूर्ण रेक मावेल इतकी, म्हणजे सातशे मीटरच्या आसपास असेल, तर रेक एकदाच आत जातो आणि विषय संपतो. अनेक जुने धक्के अर्ध्या रेकचे आहेत. तिथे इंजिन एकवीस वॅगन तोडून आत ढकलतं, उरलेल्या एकवीस लूपवर उभ्या. पहिला भाग रिकामा झाला की तो ओढून बाहेर, दुसरा आत. शेवटी दोन्ही जोडायचे. असं प्रत्येक शंटिंग मेन लाईन वीस-पंचवीस मिनिटं अडवून ठेवतं, कारण शंटिंगला लागणारी लांबी यार्डात नसते, ती मेन लाईनवरच घ्यावी लागते. तेवढ्या वेळात दोन एक्स्प्रेस सोडायच्या असतील तर मेमू अलीकडच्या स्टेशनातच राहते.

संत्र्याचं उलटं. ती रेकने जात नाही, पार्सलने जाते. किसान रेलच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला संत्र्यांची खास गाडी गेली होती आणि भाड्यात ५० टक्के सवलत होती. एरवी शेतकऱ्याच्या हातात उरतो तो गार्डच्या डब्याला लागून असलेला पार्सलचा कप्पा. दोन मिनिटांच्या थांब्यात त्यात शंभर पेट्या चढत नाहीत, म्हणून माल मोठ्या स्टेशनावर आणावा लागतो, आणि तिथवर टेम्पो केलाच आहे तर पुढे ट्रकच बरा, असा हिशेब होतो.

एकाच दोरीला दोन गाठी

नागपूर ते सेवाग्राम हे पाऊणशे किलोमीटर देशातल्या फार थोड्या मार्गांसारखे आहेत. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग इथे एकाच रुळांवरून धावतात आणि सेवाग्रामला फुटतात. देशाच्या चारही टोकांना झालेला उशीर इथे येऊन जमा होतो. त्यावर कोळसा. भरलेला रेक एका दिशेने जातो, पण त्याच वॅगन रिकाम्या परत याव्या लागतात. बीओबीआरएनमध्ये तर परतीचा दुसरा मालही भरता येत नाही. म्हणजे एका रेकच्या कोळशासाठी मार्गावरच्या दोन जागा खर्च होतात. मालगाड्यांचा देशभरातला सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास का राहतो, याचं उत्तर इंजिनात शोधू नये. ६००० अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-९ असो की १२००० चं, लूपवर दोन्ही सारखीच उभी राहतात.

उन्हाळ्यात त्यात कॉशनची, म्हणजे ठरावीक तुकड्यात हळू जाण्याच्या तात्पुरत्या हुकमाची, भर. जोडून लांब केलेले रूळ तापले तरी लांबू शकत नाहीत, स्लीपर आणि खडी त्यांना धरून ठेवतात, आणि लांबण्याऐवजी रुळात दाब साठतो. ६० किलोच्या रुळात दर अंशाला साधारण १.९ टन. हवेत ४६ असताना रूळ ६५ च्या घरात जातो. रूळ बसवतानाच्या तापमानापेक्षा २५ अंश जास्त झाले तर एकेका रुळात ४७ टनांचा दाब. खडी नीट असेल तर काही होत नाही. नुकतीच उकरलेली असेल तर रूळ सापासारखा वाकडा होतो. म्हणून चंद्रपूर-वर्ध्याकडे एप्रिल-मेमध्ये खडीचं काम पहाटे करतात आणि दुपारी ट्रॅकमनची गस्त चालू असते. थंडीत उलट, रूळ आखडतो आणि वेल्ड तुटतो, तेव्हा गस्त रात्री-पहाटेची.

पावसात त्रास काळ्या मातीचा. कपाशीला चांगली ती रुळाला वाईट. पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते. भरावाच्या वर मुरमाचा जाड थर नसेल तर प्रत्येक गाडीच्या दाबाने चिखल खडीत वर येतो, खडी पाण्यातच उभी राहते आणि रूळ त्या जागी खाली-वर होतो. मग तिथे ताशी ३० किंवा २० ची मर्यादा लागते. एका किलोमीटरच्या कॉशनने फक्त तेवढा किलोमीटर जात नाही. पूर्ण रेक त्यावरून निघेपर्यंत वेग वाढवता येत नाही, म्हणजे पावणेदोन किलोमीटर गेले, वर वेग कमी-जास्त करण्याचा वेळ वेगळा.

नवीन रूळ येत आहेत. गोंदिया–बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, वर्धा–भुसावळ ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या लाईनला ऑक्टोबर २०२५ मध्ये. वर्धा–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण प्रत्येक नवी लाईन जुन्या यार्डाला जोडताना नॉन-इंटरलॉकिंगचे दिवस येतात. सिग्नल आणि काट्यांचा आपसातला बांधलेला संबंध सोडवून काटे हाताने लावून कुलूपबंद करायचे, प्रत्येक गाडी लेखी परवानगीने आणि हिरव्या झेंडीने काढायची. यार्डाची क्षमता एकदम खाली येते आणि पहिल्या झटक्यात रद्द होतात त्या मेमू. कोळशाचा रेक रद्द केला तर वीज केंद्राचा फोन येतो. मेमू रद्द झाली तर फोन करायला कुणी नसतं.

म्हणून थांबा मागण्याचं निवेदन घेऊन जाताना त्यात आणखी चार ओळी घालाव्यात. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीत हे प्रश्न विचारता येतात आणि माहितीच्या अधिकारातही. आपल्या स्टेशनाचे लूप किती मीटरचे आहेत, ७१५ आहेत का. लूपच्या काट्यावर मर्यादा १५ ची आहे की ३० ची. सँड हंप आहे का. गेल्या वर्षभरात किती दिवस रेक स्टेबल होता आणि कोणत्या लाईनवर. मालधक्का पूर्ण रेकचा आहे की अर्ध्याचा, आणि अर्ध्याचा असेल तर वाढवण्याचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे.